अठरा पाट्यांचं घर

कार्तिकातली कोवळी, केशरकांत सकाळ. भोगावतीच्या काठाकाठानं उसाला तुरे आले होते. रुपेरी, रेशमी, सहस्रचामरी तुरे. वारा आला की सारं शिवार लवायचं, वारा गेला की सारं शिवार उभं राहायचं. लवायचं आणि उभं राहायचं. उभं राहायचं आणि लवायचं. ऊस म्हणजे शेवटी गवतच. पण लवावं कसं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

राधानगरीच्या अलीकडं, एका बहुशाख, बहुपर्ण, बहुपक्षी वडाखाली एक घर उभं होतं. घराला दोन चाकं होती.

भंगारात निघालेल्या तांबड्या बसच्या पत्र्याच्या भिंती. बसच्याच सरकत्या खिडक्या. आत एक चूल, एक खाट, एक देव्हारा. पुढं एक म्हातारी जीप जुंपलेली, आणि घराच्या कपाळावर भंगारातूनच आणलेली पांढऱ्या अक्षरांची पाटी: देवगड.

घराचा धनी भूपाल शेडबाळे, राहणार जयसिंगपूर. चौतीस वर्षं बसच्या डेपोत कमानीचा कारागीर. गाडी आणि चाक यांच्या मध्ये पोलादी पाटे एकावर एक रचलेले असतात. खड्ड्याचा धक्का ते आपल्या पोटात घेतात आणि वर माणसापर्यंत जाऊ देत नाहीत. त्या पाट्यांची ती कमान. आणि कमानीचा राजा भूपाल.

पाट्यावर हातोडीनं टक् केलं की तो डोळे मिटायचा आणि सांगायचा, हा तडा कुठल्या गावाच्या कुठल्या खड्ड्यानं दिला. एकदा म्हणे त्यानं खड्डा सांगितला, वेळ सांगितली, आणि त्या वेळी कंडक्टर तिकीट फाडत होता की डुलकी काढत होता, तेही सांगितलं. ऐकणारे दोघं अजून हयात आहेत. खुशाल विचारून घ्या. फक्त दोघांना एकत्र विचारू नका.

तो निवृत्त झाला त्या दिवशी शाल आली नाही, श्रीफळ आलं नाही. हार घातलेले पाटे आले. डेपोतल्या अठरापगड कामगारांनी वर्गणी न काढता, आपापल्या हातानं तासून, तापवून, वाकवून एकेक पाटा केला होता आणि त्याच्यावर छिन्नीनं आपलं नाव कोरलं होतं. हुसेन. बंडा. मारुती हेल्पर. अठरा माणसं, अठरा पाटे. भूपाल त्या दिवशी रडला नाही. नुसता पाटे मोजत राहिला, आणि मोजताना दर वेळी चुकत राहिला.

त्या अठरा पाट्यांवर त्यानं हे घर बसवलं. डाव्या चाकावर नऊ, उजव्या चाकावर नऊ. एकही कमी नाही. कमी करायचा तर कुणाचा? हुसेनचा की बंडाचा?

आणि घराची धनीण कलव्वा.

चौतीस वर्षं तिनं जेवताना एकच गाव ऐकलं होतं. आज देवगडची गाडी आली. आज देवगडच्या गाडीचा पाटा गेला. उद्या पहाटे देवगडची गाडी सुटली पाहिजे. ती गाडी रोज त्याच्या हाताखालून निघून जायची, घाट उतरून, समुद्राच्या दारापर्यंत जायची, आणि चाकांना ओली वाळू लावून परत यायची. ती वाळू भूपालच्या बाह्यांतून घरी यायची, परातीत सांडायची. नवरा-बायको मात्र कधी गेले नाहीत. "एवढी गाडी रस्त्याला लागू दे, मग जाऊ," असं तो म्हणायचा. आणि गाड्या रस्त्याला लागत गेल्या, लागत गेल्या.

आता रस्त्याला लागायची पाळी त्यांची होती. तीन दिवस झाले होते निघून. आणि तिन्ही दिवस दही फुटलं होतं.

कलव्वाच्या राज्यात दह्याशिवाय जेवण नव्हतं. रोज ती काळ्या मातीच्या गाडग्यात कोमट दूध ओतायची, विरजणाचा थेंब सोडायची, वर फडकं बांधायची आणि खाटेखाली गाडगं ठेवायची. रोज रस्त्यावर घर थडथडायचं, उडायचं, आदळायचं. जीपला मागून माजोऱ्या खोंडासारखी ढुशी द्यायचं. आणि रोज संध्याकाळी फडकं सोडलं की आत निळसर पाणी, पाण्यात तरंगणाऱ्या पांढऱ्या गुठळ्या. छिन्नविच्छिन्न दुधाचं केविलवाणं आभाळ.

आज सकाळी, वडाखाली, तिनं ते पाणी दारातूनच मुळाशी ओतून दिलं आणि निकाल सांगितला.

"अवो, ऐका. आज सांजंपत्तूर दही लागलं तर फुडं घाट. न्हाई लागलं, तर उद्या सकाळची गाडी धरून मी जयसिंगपूरला. तुमचं देवगड तुम्ही बघून या."

"दह्यापायी?" भूपाल हसला. "देवगडात दही मिळत न्हाई व्हय?"

"मिळतंय की. पण माझ्या घरात लागलं पायजे."

एवढं बोलून ती दाराच्या पायरीवरून खाली उतरली. आणि भूपालचं हसू ओठांवरच वाळून गेलं.

कारण ती नुसती उतरली नव्हती. तिनं एका हातानं दाराची चौकट धरली, दुसऱ्या हातानं कंबर, डोळे मिटले, मग एक पाय जमिनीला विचारून ठेवला, मग दुसरा. दोन वर्षांमागं न्हाणीत घसरली होती, तेव्हाचं कंबरेतलं दुखणं. तीन दिवस प्रत्येक ढुशी जीपच्या हुकातून, बैठकीतून, थेट त्या दुखऱ्या मणक्यापर्यंत जात होती. आणि तीन दिवस ती एका शब्दानं कण्हली नव्हती.

दुखणं दह्याचं नव्हतंच. दही तर ती पुढं करत होती. पदराआड जखम धरून दही पुढं करत होती.

ज्याला हातोडीच्या एका टकीनं पोलादाचं दुखणं कळायचं, त्याला शेजारी बसलेल्या बाईचं कळायला तीन दिवस लागले. भूपालनं डोळे मिटले. आज त्याला खड्ड्याचं गाव सांगता आलं नाही.

तो मुकाट्यानं घराखाली सरपटत गेला. उताणा पडून वर बघत राहिला. नऊ आणि नऊ; धनुष्याकृती, नीललोह, घट्ट, गर्विष्ठ. त्यांच्यावर दोन माणसांचं चिमूटभर घर. पाटे तसूभर लवले नव्हते. ते लवणार कशाला? त्यांना तर हे ओझंच वाटत नव्हतं.

तरी सवय सुटेना. डेपोत त्यानं स्वतःशी एक नेम केला होता: कमानीनं तक्रार केली तर पाटा चढवायचा, उतरवायचा नाही. जत्रेची गाडी, लग्नाची गाडी, बाजाराची गाडी. माणसं वाढत जायची, पाटे वाढत जायचे. तो खालूनच ओरडला, "आणखी एकेक पाटा घातला तर बसंल गप!"

वरून कलव्वाचा आवाज आला, शांत, कोरडा, ताकासारखा.

"तुमच्या बशीत नव्वद माणसं बसायची वो. हितं दोघंच हाय. आन त्यातला एक तर नुसतं वाळकं काटूक."

वडावरची पाखरं गप्प झाली. उसाचे तुरे लवले आणि उभे राहिले.

भूपाल बाहेर आला. त्यानं पाठीची माती झटकली, बाह्या सारल्या, आणि काम सुरू झालं. ते काम बघायला त्या दिवशी सूर्य वडाच्या शेंड्यावर जरा जास्तच वेळ थांबला होता, असं त्या बाजूचे लोक सांगतात.

आधी दोन्ही चाकांना दगड. मग डाव्या अंगाला जॅक. एकेका दाबाला घर वर येतं, जसा अवघडलेला हत्ती उठतो. मग सांगाड्याखाली लोखंडी घोडी, कारण जॅकच्या भरवशावर जो गाडीखाली शिरतो त्याची बायको कुंकवाला मुकते, हे तो नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचा. चाक उतरलं. आसाला कमान बांधून ठेवणारे इंग्रजी यू अक्षरासारखे बोल्ट त्यानं सोडवले. पोलाद किंचाळलं, मग कण्हलं, मग मोकळं झालं. सुटताना पाटे उसळू नयेत म्हणून त्यांना शिकंज्यात धरून त्यानं मधला बोल्ट काढला, आणि शिकंजा हळूहळू ढिला केला.

कमान उलगडली. काळ्या कमळासारखी, एकेक पाकळी, एकेक पाकळी.

कलव्वा दगडावर बसून पाने देत होती. चौदाचा मागितला की चौदाचा, सतराचा मागितला की सतराचा. चौतीस वर्षं जेवताना ऐकलेलं वाया गेलं नव्हतं. मध्येच म्हणाली, "रबरी बुश बी बघा. खालून कुईं वाजतंय ते त्येच आसंल." आणि तेच होतं. बुश झिजून कागदासारखं झालं होतं. भूपालनं तिच्याकडं बघितलं. अशा नजरेनं त्यानं फक्त एकदा, फार वर्षांपूर्वी, हुसेनच्या वेल्डिंगकडं बघितलं होतं.

गंज घासला. पोलादाच्या अंगावर निळी झळाळी आली. पाट्यापाट्यामध्ये ग्रीसचा हात फिरला, की एकानं दुसऱ्यावरून हळूच सरकावं, भांडू नये. मुख्य पाटा परत बसला. त्याखाली दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा.

आणि हात थांबला.

मातीवर चार पाटे उरले होते. चार नावं उन्हात चमकत होती. त्यात हुसेनही होता. भूपालनं तो पाटा उचलला, कमानीपाशी नेला, परत आणला. पुन्हा नेला. पुन्हा आणला. माणसं भेट म्हणून आपली ताकद देतात; ती खाली ठेवायची कशी?

कलव्वानं हात पुढं केला, तो जड, निळा, नावाचा पाटा घेतला, आणि पदरानं पुसून मांडीवर ठेवला. जसं कुणाचं लेकरू घेतात तसं.

दुपारपर्यंत दोन्ही बाजू झाल्या. पाच आणि पाच. उरले आठ. बोल्ट आवळताना त्यानं एक आवळला की समोरचा तिरपा आवळला, थोडा हा, थोडा तो, कुणाला रुसायला जागा ठेवली नाही. मग तो मागच्या पायरीवर उभा राहिला आणि एक उडी मारली. घर लवलं. घर उभं राहिलं. उसासारखं, अगदी उसासारखं.

पण ते आठ पाटे त्यानं गोणीत भरले नाहीत. जीपमधली कलव्वाची कडक बैठक त्यानं उचकटली. चार उभे, चार आडवे, टोकांना सुतळीचे वेढे, वर जाड गोधडी. हातानं दाबलं, बैठक अंगणातल्या झोपाळ्यासारखी खाली गेली आणि वर आली.

"बस की."

ती बसली. जपून बसली, भीत बसली. मग नीट, पुरती, मागं रेलून बसली. दुखऱ्या मणक्याखाली आठ माणसांचे आठ हात आले. तिच्या चेहऱ्यावरची एक बारीक, तीन दिवसांची सुरकुती हळूच मावळली.

"बसले गं बाई," ती म्हणाली, "तुमच्या अर्ध्या डेपोच्या उरावर."

भूपाल असा हसला की पारंब्यांवरचं एक माकड दचकून खाली पडलं. ते पुढं त्या वडावर कधी आलंच नाही म्हणतात.

निघण्याआधी तिनं गाडग्यात कोमट दूध ओतलं. विरजणाचा थेंब. फडकं. खाटेखाली.

मग रस्ता. पाऊसकाळानं कुरतडलेला, खळगेखळगे झालेला, चंद्राच्या पाठीसारखा रस्ता. पहिला खड्डा आला. भूपालनं श्वास धरला. घर खाली गेलं, वर आलं, आणि पुढं निघालं. दुसरा आला. दहावा आला. शंभरावा आला. हुकातून ढुशी आली नाही. एक झुलती, मंथर, गजगामिनी लय तेवढी आली. तीन कोसांवर थांबून त्यानं बोल्ट पुन्हा आवळून घेतले, कारण नवी बांधलेली कमान पहिल्या प्रवासात थोडी सैल पडतेच. कलव्वा खाली उतरली नाही. तो परत आला तेव्हा ती झोपली होती. तीन दिवसांत पहिल्यांदा, बसल्या जागी, तोंड किंचित उघडं टाकून.

ती जागी होऊ नये म्हणून त्यानं पुढचा सगळा रस्ता बैलगाडीच्या वेगानं कापला. खरं सांगायचं तर दाजीपूरच्या जंगलात दोन बैलगाड्या त्याला मागं टाकून गेल्या, आणि एका गाडीवानानं "पाहुणं, ढकलू काय?" असंही विचारलं. भूपालनं ओठांवर बोट ठेवलं.

सूर्य कलला तेव्हा घाटमाथा आला. समोर सह्याद्री संपत होता आणि निळ्या, जांभळ्या, धूसर, धूसरतर पायऱ्यांनी कोकण खाली उतरत होतं. सगळ्यात शेवटच्या पायरीच्या पलीकडं एक बारीक रेघ चमकत होती. ती समुद्राची होती की उन्हाची, हे तिथून सांगता येत नाही. पण चौतीस वर्षं परातीत सांडलेल्या वाळूचा रंग तिला होता.

कलव्वा जागी झाली. जीपमधून उतरली, या वेळी चौकट न धरता, कंबर न धरता उतरली. घरात गेली. खाटेखालून गाडगं काढलं. कड्याच्या टोकाशी, भूपालच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बघ तरी," भूपाल म्हणाला.

"बघायचं काय त्यात?" कलव्वा म्हणाली. तिनं फडकं सोडलं, आणि आत डोकावलीसुद्धा नाही. दोन्ही हातांनी गाडगं उचललं, दरीवर धरलं, आणि सरळ उपडं केलं.

वारा थांबला. पाखरं थांबली. गाडगं उपडं, दही आत. एक थेंब हलला नाही, एक तडा गेला नाही. घाटमाथ्यावर, उलट्या गाडग्यात, शुभ्र, अभंग, गच्च लागलेलं दही तसंच राहिलं.

खाली सांडला तो फक्त सूर्य. तांबडा, मऊ, हळूहळू. कड्यावरून कोकणात, कोकणातून त्या बारीक रेघेत, देवगडच्या दारात.