मालकाचा हात मोडणारा पट्टा

मी खर्ड्यातल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा बोलतोय. माझ्या मालकाचा, आबासाहेबाचा, उजवा हात मीच मोडला. मुद्दाम मोडला.

कॅनव्हासचे पदर रबरात दाबून मला बनवलं. ऑईल इंजिन आणि चक्की यांच्या चाकांवर मला चढवलं ते मोहियोद्दीननं. गिरणी तोच चालवायचा. दर सोमवारी दोन्ही चाकांवर दोरी ताणून ती एका रेषेत आहेत का, ते बघायचा. "चाक वाकडं असलं की पट्ट्याची कड खाल्ली जाती," म्हणायचा. इंजिनाचं तेल अंगावर उडालं की गिरणी थांबवून कोरड्या फडक्यानं पुसायचा. मला फार ताणायचा नाही, सैलही सोडायचा नाही. पाच वर्षांत माझा एक धागा उसवला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात गिरणीतलं पायलीभर पीठ गेलं. रांगेतल्या बायांपुढं मालकानं मोहियोद्दीनला चोर म्हटलं आणि हाकलून दिलं. पीठ नेलं होतं मालकाच्या मेव्हण्यानं. मी पाहिलं होतं. आठ दिवसांत मालकालाही कळलं. तो गप्प बसला.

मी तेव्हाच डूख धरला.

आता मालक स्वतः गिरणी चालवू लागला. दोरी नाही, फडकं नाही. मी तेलानं घसरलो की पकड यावी म्हणून मूठभर चिकट राळ फेकायचा. अंगाला भेगा पडल्या, कडेच्या दशा लोंबू लागल्या.

दळणाला आलेली बायडाबाई म्हणाली, "आबासाहेब, पट्टा लई फाटलाय. मोहियोद्दीनला बोलवा की."

"दळण घे अन् गप ऱ्हा!" मालक खेकसला.

मी केव्हाच तुटलो असतो. पण जवळ बाया असायच्या, म्हणून उरल्या धाग्यांवर तग धरला. मला एकच माणूस हवा होता. एका दुपारी बाया बाहेर सावलीला बसल्या होत्या. मालक राळ टाकायला वाकला आणि मी तुटून त्याच्या हातावर आदळलो.

हाड मोडल्याचा आवाज आला. मला गार वाटलं.

पण गिरणी बंद पडली. दिवसभर खडी फोडून आलेल्या बाया रेशनची तांबडी मिलो ज्वारी घरी जात्यावर भरडत बसल्या. त्यांच्या दळणाचा विचार मी केलाच नव्हता. ते मात्र अजून खुपतं.

चौथ्या दिवशी मालकानं मोहियोद्दीनला बोलावलं. गिरणी सुरू होणार म्हणून बायाही दळण घेऊन रांगेत आल्या होत्या. मोहियोद्दीन उंबऱ्याबाहेरच थांबला.

"मालक, रांगेपुढं चोर म्हनलात. आता रांगेपुढंच सांगा, पीठ कुनी नेलं."

मालकानं मान खाली घातली. "माझ्या मेव्हन्यानं. मला ठावं हुतं."

बायडाबाई पचकन थुंकली. माझा खरा सूड तो होता.

नवा पट्टा चढला आणि मी कोपऱ्यात पडलो. तुमच्या घरी, कारखान्यात कोणी मुकाट राबत असेल, तर त्याची झीज वेळीच बघा, एवढंच सांगतो.

मालकाचा हात वाकडाच जुळलाय. इंजिन सुरू झालं की तो बाहेर जाऊन उभा राहतो. मोहियोद्दीन हाक मारतो, "या की आत, मालक. आता भ्यायचं कारन न्हाई."

मी ती हाक मारली नसती.