पुठ्ठ्याचं स्वयंपाकघर

निवड समितीच्या बाईंचा फोन आला तेव्हा थोरली आईचं डोकं धूत होती. दोन्ही हात फेसाने माखलेले, म्हणून तिने करंगळीने कसंबसं बटण दाबलं आणि फोन स्टुलावर ठेवून मोठ्याने हॅलो म्हटलं. बाई मोठ्या गोड बोलल्या. परदेशात आपल्या शहराचं प्रदर्शन भरणार होतं, आजच्या कलाकारांना शहर कसं दिसतं ते तिकडच्या लोकांना दाखवायचं होतं, आणि त्यासाठीची नावं कालच पक्की झाली होती. थोरलीचा हात आईच्या केसांत तसाच थांबला.

"तुमच्या जलरंगांवर खूप चर्चा झाली हं समितीत," बाई म्हणाल्या. "तो पूल, तो घड्याळाचा मनोरा, ते जुने जिने! हात काय सुरेख आहे तुमचा. पण या वेळी जरा वेगळं काहीतरी शोधत होतो आम्ही. आणि गंमत बघा, तुमच्या बहिणीचं काम घेतलंय. तिचा फोनच लागत नाहीये. तेवढा निरोप द्याल का?"

"देते की," थोरली म्हणाली.

आईने डोळे घट्ट मिटूनच विचारलं, "कोणाचं घेतलं?"

"धाकटीचं."

"अगं बाई!" आई म्हणाली आणि तोंडावर फेस ओघळत असतानाच खुदकन हसली. बाईंच्या गोड बोलण्याने थोरलीला जे लागलं नव्हतं ते त्या हसण्याने लागलं. तिने जरा जास्तच पाणी ओतलं. आई ठसकली, तेव्हा कुठे ती भानावर आली.

थोरली शाळेत चित्रकला शिकवायची. आई तिच्याकडेच असायची. वडील गेल्यापासून आईची औषधं, अंघोळ, दवाखाना सगळं तिच्याच गळ्यात होतं, आणि त्याबद्दल तिने कधी कुरकुर केली नव्हती. धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. मोठ्या दुकानांच्या काचेआडची सजावट करणं हे तिचं पोटापाण्याचं काम. पुठ्ठ्याची झाडं, पुठ्ठ्याची जहाजं, काय वाट्टेल ते ती उभं करायची. मनात आलं की उगवायची, चपला दारात कुठेही भिरकावून थेट आईच्या पलंगावर मांडी ठोकून बसायची. मग आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं आणि थोरली ओट्याशी उभी राहून दोघींसाठी चहा टाकायची. चहा घेऊन आत गेली की बोलणं थांबायचं. "काय चाललंय?" असं विचारलं की आई म्हणायची, "काही नाही गं, उगाच आपलं."

धाकटीला पेन्सिल धरायला शिकवली होती ती थोरलीनेच. ते समितीला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण निदान धाकटीने कधीतरी सांगायला हवं होतं, असं थोरलीला वाटे.

प्रदर्शनासाठी धाकटी एक आख्खी खोली करत होती. घडी घालून नेता येईल आणि तिकडे पुन्हा उभी करता येईल अशी. "ये ना बघायला," असं तिने कितीदा तरी म्हटलं, पण थोरलीला दर वेळी पेपर तपासायचे असत. मग निघायच्या थोडे दिवस आधी धाकटीच्या मदतनिसाने जिन्यावरून पडून मनगट मोडून घेतलं आणि खोली जोडायला दुसरं माणूस उरलं नाही.

"तू जा," आईने थोरलीला फर्मावलं. "माझ्यापाशी मावशी येऊन राहील. परक्या मुलखात ती एकटी काय करेल?"

"चाळिशीची घोडी आहे ती, आई."

"असू दे. जा."

थोरली गेली. बहीण म्हणून नव्हे, दोन हात म्हणून जातोय हे तिने विमानात बसल्यापासून मनाशी घोकून ठेवलं होतं.

प्रदर्शनाची जागा म्हणजे पांढऱ्या भिंतींचं एक लांबलचक दालन होतं. एका फोटोग्राफरने शहरातल्या गच्च्यांचे फोटो लावले होते, कोणी विजेच्या तारांचं जंजाळ छताला टांगलं होतं, एका कोपऱ्यात फेरीवाल्यांच्या आरोळ्यांची फिल्म चालू होती. दालनाच्या मधोमध दोघी बहिणींनी गुडघे टेकून पुठ्ठ्याच्या घड्या उलगडायला घेतल्या. भिंत उभी राहिली, मग खिडकी, मग फडताळ. धाकटी कानामागे पेन्सिल खोचून "हे इकडे, ते तिकडे" करत होती आणि थोरली सांगेल तिथे पट्ट्या चिकटवत होती. नळ लागला, फळी लागली, फळीवर डबे आले, आणि थोरलीच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली.

ते त्यांचं जुनं स्वयंपाकघर होतं. लहानपणीच्या भाड्याच्या घरातलं. फडताळाच्या दाराचा उडालेला टवकासुद्धा होता. सगळं तपकिरी पुठ्ठ्याचं, न रंगवलेलं, आणि तरी इतकं खरं की थोरलीला क्षणभर ओल्या फडक्याचा वास आला.

"कसं झालंय?" धाकटीने विचारलं.

थोरली भरभरून काहीतरी बोलणार होती. पण तेवढ्यात तिला दिसलं की शेगडी नळाशेजारी आहे. शेगडी खिडकीखाली होती! आणि स्टूल एकच होतं. खुंटीवर फ्रॉक एकच, छोटासा, धाकटीच्या मापाचा.

"बरं झालंय," ती म्हणाली.

उद्घाटनाला मोठी गर्दी झाली. लोक खोलीत शिरत, डब्यांची झाकणं उघडत. एका डब्यात धाकटीने आईचा आवाज भरला होता; झाकण उचललं की आई बोलायला लागे, आणि तिचं बोलणं तिकडच्या भाषेत भिंतीवर लिहिलेलं होतं. थोरलीने उद्घाटनाच्या दिवशी तो डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, दालनात रखवालदाराशिवाय कोणी नसताना, तिने झाकण उचललं.

आई सांगत होती, की एकदा या स्वयंपाकघराचा तिला असा वीट आला की तिने भरल्या दुपारी हातातलं काम टाकलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि समोर आलेल्या बसमध्ये चढून थेट शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. परत यायचंच नाही असं ठरवून. तिथे बाकावर बसून राहिली. मग ऊन उतरल्यावर त्याच बसने परत आली, आणि नवरा कामावरून यायच्या आत शेगडी पेटवली. एवढंच. शेवटी आई जराशी हसली होती आणि मागून धाकटीचं "मग?" ऐकू येत होतं.

थोरलीने झाकण लावलं. तिला तो दिवस आठवत होता. आई दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, असंच तिला आजवर माहीत होतं. ती दुसरी-तिसरीत असेल. धाकटी पाळण्यात होती, आणि कडी लावलेल्या दाराला पाठ लावून थोरली एका हाताने पाळण्याची दोरी ओढत बसली होती. आणि हे सगळं आईने सांगितलं कोणाला, तर पाळण्यातलीला!

तिने शेगडी उचलली आणि खिडकीखाली नेऊन ठेवली.

धाकटी आली, तिने बघितलं आणि शेगडी परत नळाशेजारी आणली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी थोरलीने शेगडीबरोबर स्टूलही हलवलं. रखवालदार पाठीमागे हात बांधून हा खेळ बघत होता, पण बापडा कोणाला सांगणार आणि काय सांगणार. रविवारी दालन फुललेलं असताना दोघी त्या खोलीत समोरासमोर आल्या. शेगडीचं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या.

"ताई, सोड."

"खिडकीखाली होती ती."

"नव्हती."

"अगं, मी त्या शेगडीवर दूध उतू घालवून मार खाल्लाय! तू तेव्हा दुपट्यात होतीस."

"दुपट्यात? ते घर सोडलं तेव्हा मी शाळेत जात होते. सगळं लख्ख आठवतंय मला."

"सगळं? मग मी कुठाय यात?" थोरलीचा आवाज चढला. "एक स्टूल, एक फ्रॉक! मी काय तेव्हा हवेत तरंगत होते?"

"तुला घेतलं असतं तर तू सगळंच दुरुस्त करत बसली असतीस! लहानपणी माझ्या प्रत्येक चित्रात तू हात घातलास. झाड असं नसतं, घर तसं नसतं. सगळं खोडून परत काढायचीस आणि म्हणायचीस, बघ, आता छान झालं. एक खोली, ताई, एक खोली मला माझी हवी होती. चुकली तर चुकली!"

"आणि आई? आईपण तुझी एकटीची?" शेगडी मधोमध दुमडली, पण दोघींनी सोडली नाही. "तिचं डोकं मी धुते. तिची औषधं मी बघते. रात्री चार वेळा उठवलं तर चार वेळा उठते मी. आणि गोष्टी मात्र तुला सांगते ती! मी चहा घेऊन आले की गप्प!"

"मी विचारते तिला," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तू कधी विचारलंस? तू आत आलीस की पहिला प्रश्न, गोळी घेतलीस का."

थोरलीने शेगडी सोडली. आणि तेव्हा टाळ्या वाजल्या.

दोघींनी दचकून वळून बघितलं. खोलीच्या उघड्या बाजूला माणसांची दाटी झाली होती. एक अक्षर कळलेलं नसताना सगळे भारावल्यासारखे टाळ्या वाजवत होते. एक म्हातारे गृहस्थ तर रुमालाने डोळे टिपत होते. गर्दीतून वाट काढत समितीच्या बाई पुढे आल्या. चेहरा नुसता उजळला होता.

"मला आधी का नाही सांगितलंत? काय जिवंत झालं सगळं! हे रोज करता येईल का? संध्याकाळच्या वेळी?"

थोरलीने बहिणीकडे पाहिलं. धाकटीच्या डोळ्यांत क्षणभर ती चमक आली होती. दुकानाच्या काचेआड नवीन काही मांडायचं सुचलं की यायची तीच. थोरली ती चांगली ओळखून होती.

"तिला विचारा," ती कोरडेपणाने म्हणाली. "खोली तिची आहे."

धाकटीने दुमडलेली शेगडी पोटाशी धरली. "नाही," ती म्हणाली. "ते घरचं होतं. ते नाही दाखवायचं."

बाई हिरमुसल्या. थोरली बाहेर पडली आणि दालनामागच्या अंगणात, जिथे रिकामी खोकी रचून ठेवली होती, तिथे जाऊन तिने आईला फोन लावला. मावशीने उचलला. आई जेवली, गोळ्या घेतल्या, सगळं ठीक असल्याचं सांगून तिने फोन आईकडे दिला.

"आई," थोरली म्हणाली, "आपल्या जुन्या घरात शेगडी कुठे होती?"

"हे विचारायला परदेशातून फोन केलास?" आई म्हणाली. "कधी इथे, कधी तिथे. मीच हलवायची वैतागून. त्या खोलीचं नाव काढू नका माझ्यापुढे. ती खोली पुन्हा उभी करायची अवदसा तुम्हाला आठवली तरी कशी, देव जाणे!"

थोरलीला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "मी त्या दिवशी दाराशी बसले होते, आई. तू दाताच्या डॉक्टरकडे गेलीस म्हणालीस."

पलीकडून मावशीच्या पावलांचा आवाज आला, मग दार लावल्याचा.

"तिला सांगणं सोपं होतं गं," आई म्हणाली. "ती त्या दिवशी झोपलेली होती. तू जागी होतीस. मी कडी काढली तर तू दारातच, आणि दोरी अजून हातात. रडली नाहीस, काही नाही. म्हणालीस, दुखलं का खूप? आता तुला काय तोंडाने सांगू, की मी येणारच नव्हते म्हणून?"

थोरली एका खोक्यावर बसली. आई पुढेही बोलत राहिली. शेवटच्या थांब्यावरच्या त्या बाकावर तिच्या शेजारी कोण येऊन बसलं, त्या बाईने काय विचारलं, आणि परत फिरावंसं कशामुळे वाटलं, ते सगळं. डब्यात यातलं काहीच नव्हतं. थोरलीने या वेळी मधे गोळीबिळीचं काही काढलं नाही. "मग?" एवढंच म्हणत राहिली. बोलता बोलता आई एकदा रडली, आणि मग स्वतःच म्हणाली, "पुरे. तुझं बिल वाढेल."

ती आत आली तेव्हा गर्दी ओसरली होती. धाकटी खोलीत जमिनीवर बसून शेगडीच्या मोडलेल्या कडेला आतून पट्टी लावत होती. शेजारी कागदात गुंडाळलेले दोन पाव होते. त्यातला एक तिने थोरलीकडे सरकवला.

थोरली तिच्याशेजारी बसली. परदेशात आल्यापासून तिला घास गोड लागला नव्हता. आता एकदम कडकडून भूक लागली होती.

"आईशी बोललीस ना?" धाकटीने मान वर न करता विचारलं. "बराच वेळ बोलत होतीस. मी दोनदा येऊन बघून गेले."

"हो."

"काय म्हणाली?"

थोरलीने पावाचा मोठा घास घेतला आणि सावकाश चावला. धाकटीचा हात थांबला होता. ती टक लावून बघत होती, लहानपणी थोरलीच्या वहीत डोकावायची तशी.

"काही नाही गं," थोरली म्हणाली. "उगाच आपलं."