भटारखान्याचा टेलिफोन

मित्रांनो, एका अख्ख्या तुकडीचे प्राण माझ्या तारेवर टांगलेले असत. माझ्यातून एक वाक्य गेलं की ऐंशी शूर जवान ताडकन उठून उभे राहत. ते वाक्य होतं, 'जेवण तयार आहे.'

मी एक जुना फौजी टेलिफोन आहे. लाकडी पेटी, कुशीला फिरवायचा दांडा, डोक्यावर काळा रिसीव्हर. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले भाऊबंद कुणी मोठ्या साहेबांच्या तंबूत गेले, कुणी खंदकात. माझ्या नशिबी भटारखाना आला. पिठाच्या हातांनी मला उचलायचे, तेलाच्या हातांनी ठेवायचे. माझी तक्रार नव्हती. लढाई संपली आणि मला किलोच्या भावाने भंगारात घातलं, तरीही नव्हती. तक्रार सुरू झाली ती भंगारवाल्याने माझ्या मालकांच्या कानात "साहेब, हा खुद्द सेनापतींचा" असं सांगितलं तेव्हापासून.

मालक विमा कचेरीत आवक-जावक कारकून होते. तरुणपणी फौजेत भरती व्हायला गेले, तर तळपाय सपाट म्हणून दारातूनच परत आले. ते दुःख त्यांनी पुढची चाळीस वर्षं बिल्ले, शिरस्त्राणं आणि पाण्याच्या बाटल्या जमवून जपलं. मला तर ते रोज पुसत. पण वरूनच.

"जावई आले की चपला काढायला जागा नसते," मालकीणबाई एकदा म्हणाल्या. "तिथं आधीच अकरा जोड फौजी बूट येऊन बसलेत."

"संग्रह आहे तो."

"मग लोकांना दाखवा की. माझा पाठ झालाय."

मालकांनी हे मनावर घेतलं. निवृत्त होताच त्यांनी पाव वाटायची एक जुनी गाडी विकत घेतली आणि फिरतं संग्रहालय काढलं. पावांच्या ट्रेमध्ये बिल्ले मांडले. प्रत्येक वस्तूखाली कचेरीच्या भाषेत चिठ्ठी लावली. 'सदर बुटांपैकी डावा आढळून येत नाही.' माझ्याखाली लिहिलं, 'सदर दूरध्वनी सेनापतींच्या प्रत्यक्ष वापरात होता. हात लावू नये.' वर रिसीव्हर तारेने करकचून बांधला. आता सांगा, टेलिफोनला हात लावायचा नाही, तर काय त्याला ओवाळायचं?

शाळांनी काही पायघड्या घातल्या नाहीत. "तोफ आहे का?" असं विचारत. नाही म्हटलं की, "मग मुलं बघणार काय?" इकडे मालकीणबाईंचे बंधू टपूनच बसले होते. त्यांना ही गाडी लाँड्रीसाठी हवी होती. शेवटी घरात ठरलं, आणखी एकच शाळा, मुलींची. तिथल्या मुख्याध्यापिकाबाई आजूबाजूच्या चाळीस शाळांच्या मंडळाच्या प्रमुख होत्या. त्यांनी शिफारसपत्र दिलं तर संग्रहालय, नाही दिलं तर धोब्याच्या इस्त्र्या. त्या सकाळी मालकांनी दाढी दोनदा केली.

मुली रांगेने आल्या आणि रांगेनेच निघू लागल्या. एकीने विचारलं, "काका, तुम्ही लढलात का?" मालक "नाही" म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले. बाईंनी घड्याळ पाहिलं. मी आतून तळमळत होतो. अहो, मला विचारा. मी होतो तिथे. पण तोंड बांधलेलं.

तेवढ्यात शाळेचा म्हातारा पहारेकरी गाडीत डोकावला. चिठ्ठी वाचून हसला.

"साहेब, कुठले सेनापती? हा आमच्या तुकडीच्या भटारखान्यातला."

"पुरावा?" मालकांचा आवाज एकदम कचेरीतला झाला.

"उलटा करून बघा ना."

चाळीस वर्षांत मालकांनी मला एकदाही उलटं केलं नव्हतं. सेनापतींचा टेलिफोन उलटा कसा करणार? आता केला. बुडाला चाकूने कोरलेलं होतं : पीठ, मीठ, तेल, काडेपेट्या.

"मीच कोरलंय. कागद भिजायचा," पहारेकरी म्हणाला. मग माझ्यावर हात ठेवून हळूच बोलू लागला. "एकदा ऐंशी जणांचं रांधलं होतं. जेवायला एकोणीस आले. उरलेल्याचं काय करू, हे विचारायला याचाच दांडा फिरवला. पलीकडून कुणी उचललाच नाही. मी आपला फिरवतोय, फिरवतोय."

निघालेली रांग परत गाडीभोवती जमली होती. मग मागून एक बारीक आवाज आला, "मग त्या जेवणाचं काय केलंत?"

"वाढलं. ऐंशी पानं मांडून वाढलं."

मालकांनी खिशातून पेन काढलं. त्यांचा सेनापती गेला होता, आणि बहुतेक गाडीही. तरी त्यांनी 'सेनापतींच्या' हा शब्द एका सरळ रेघेने खोडला, वर 'भटारखान्याच्या' लिहिलं आणि दुरुस्तीशेजारी नियमाप्रमाणे सही केली. 'हात लावू नये' हेही खोडलं. तिथेही सही. मग माझी तार सोडली.

बाईंनी ती चिठ्ठी दोन्ही सह्यांसकट वाचली.

"पत्र देते," त्या म्हणाल्या. "पण सेनापतींचं आणखी काही असेल, तर आधी उलटं करून बघा."

आता मी चाळीस शाळा फिरतो. मालकीणबाईंचे बंधू आमच्याशी बोलत नाहीत. मी सुखी आहे असं समजू नका. जी गोष्ट माझ्या बुडाला लिहिलेली होती, ती वाचायला माणसांना इतकी वर्षं लागली, याचा राग अजून जात नाही. मित्रांनो, जुनी वस्तू दिसली की तिच्यामागे मोठा माणूस शोधत बसू नका. तिला ज्याचे हात लागले, त्याची चौकशी करा. तो जिवंत असेल, तर आजच करा.

आणि परवा तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या रिसीव्हरला च्युइंगम चिकटवलंय. तेवढं काढून न्या.