बुजवलेलं भोक

आमच्या नवऱ्याला, आयव्हरला, ब्रिटिश लष्कराचे उखळी तोफेचे कवायतीचे जुने गोळे जमवायचा नाद आहे. पाहुण्याला शेडमध्ये नेलं की चहा निवेपर्यंत सुटका नाही. आत दारू नाही हे कळावं म्हणून कवायतीच्या गोळ्याला पोटात भोक पाडलेलं असतं, भोक दिसलं नाही तर हात लावायचा नाही, हे मीही आता झोपेत बडबडते.

विल्टशरमधल्या या गावात आम्ही नवे. शनिवारी शेजारच्या म्हाताऱ्या पेगी पोकॉकनं चहाला बोलावलं. तिच्या स्वयंपाकघराचं दार मिटू नये म्हणून तिथं एक गोळाच उभा केलेला. तिच्या दिवंगत नवऱ्यानं, लेननं, आणलेला. आयव्हर ओणवा झाला आणि पांढराफटक पडला.

"भोक नाही! मिसेस पोकॉक, मागं व्हा!"

"अरे आयव्हर, ते भोक लेननं—"

"बोलू नका आता! बॉम्बशेजारी केक भाजत होतात इतकी वर्षं!"

"माझं ऐक तरी—"

"पेगी, त्याला त्यातलं कळतं," असं मीच म्हणाले आणि तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

आयव्हरनं फोन लावला आणि गल्ली रिकामी झाली. लष्कराच्या लोकांनी गोळा कुरणात नेऊन उडवला. मग त्यांची सार्जंटबाई एक तुकडा घेऊन आली. त्याला पुट्टी चिकटली होती.

"कवायतीचाच होता. भोक बुजवून वर रंग दिलाय. फोन केलात ते बरोबरच केलंत, साहेब. पण बाईंना काही विचारलं नाहीत?"

आयव्हर पेगीकडे वळला.

"आमच्या लेकीचं, जूनचं, बोट अडकलं होतं त्यात," पेगी म्हणाली. "एवढीशी होती. लेननं साबण लावून सोडवलं आणि लगेच बुजवून टाकलं. रंगाखाली त्याच्या अंगठ्याचा ठसा लागायचा हाताला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प तर मीच केलं होतं तिला.

दुसऱ्या दिवशी आयव्हरनं शेडमधला सगळ्यात लाडका गोळा घासूनपुसून तिच्याकडे नेला. मी मागोमाग, मान खाली घालून. पेगीनं तो दाराशी ठेवून घेतला, आभारही मानले. मग तिचा अंगठा गोळ्याच्या अंगावरून काहीतरी शोधत फिरला आणि थांबला.

"काल तुम्ही काय सांगत होतात?" आयव्हरनं विचारलं. "लेनबद्दल. सांगा ना. आज मी मधे बोलणार नाही."

"सांगून झालं रे," पेगी म्हणाली.