डागबाईची शिफारस

हॉटेलातली सगळी माणसं तिला डागबाई म्हणायची, आणि तीही त्या नावाला बिनतक्रार ओ द्यायची. हॉटेलच्या लाँड्रीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. चादरीवरचा डाग तिला घारीसारखा लांबून दिसे.

ते हॉटेल बंद पडलं आणि डागबाई भावाच्या घरी बसून राहिली. बसून कसली, घरातले पडदे तिने इतक्यांदा धुतले की त्यांतून पलीकडचं दिसायला लागलं. तेवढ्यात मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत इन्चार्जची जागा निघाली. ती तिला हवीच होती.

मेट्रनबाईंनी मुलाखत घेतली आणि म्हणाल्या, "तुमच्याबरोबर काम केलेल्या कुणाचा तरी नंबर द्या. मी विचारून घेईन."

डागबाईनं जुन्या मॅनेजरसाहेबांचा नंबर दिला. साहेब म्हणजे साखरेचं पोतं, कधी कुणाला वाईट बोलले नाहीत. त्यांना आधी कळवावं, आपण कोण ते आठवण करून द्यावी, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मेट्रनबाईंचा फोन.

"साहेबांनी तोंड भरून कौतुक केलं हो. तुमच्या हातच्या सूपला तोड नाही म्हणाले."

"सूप?" डागबाई गारच पडली.

"मला स्वयंपाकीण नकोय, बाई. तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेलं कुणी असेल तर आजच सांगा. नाहीतर उद्या मी दुसऱ्या बाईंना हो म्हणणार."

भाजी निवडणारी वहिनी हसून हसून लोळायची बाकी राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, जो सगळ्यांनाच चांगलं म्हणतो त्याच्या शब्दाला वजन ते काय? तुमच्याशी रोज कोण भांडायचं?"

"हॉटेलातला तो आचारी. मेला एक नंबरचा तिरसट."

"मग त्याचाच नंबर द्या. रोज भांडला म्हणजे रोज पाहिलं."

"अगं, माझी अब्रू काढील तो!"

"काढू दे. सूप तर करायला लावणार नाही ना?"

आचाऱ्यानं चौकापलीकडं स्वतःची खानावळ थाटली होती. डागबाईला दारात बघून तो म्हणाला, "काय डागबाई, वाट चुकलात?"

या खेपेला मात्र ती चुकली नाही. जागा कसली, मेट्रनबाई काय विचारतील, सगळं तिनं त्याला नीट समजावलं.

"मी खोटं बोलणार नाही हं," आचारी म्हणाला. "तुम्ही खाष्ट आहात, हेही सांगणार."

"सांगा. फक्त लाँड्रीतली खाष्ट, असं म्हणा."

तिनं तिथूनच नंबर कळवला. थोड्या वेळानं फोन वाजला. आचाऱ्याचे हात पिठाचे, म्हणून त्यानं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"बाई इथंच बसल्यात, तरी सांगतो," त्यानं सुरुवात केली. "फार खाष्ट. एकदा मी टेबलक्लॉथनं तेलकट तवा पुसला आणि तो टेबलक्लॉथ मळक्या कपड्यांच्या तळाशी दडवला. हिनं तो हुडकून काढला, भर किचनमध्ये माझ्यापुढं धरला. म्हणाली, कशाचा डाग ते सांगा, म्हणजे काढते. लपवलात की पक्का होतो. साहेबांकडे मात्र चहाडी केली नाही. तेव्हापासून काही सांडलं की आम्ही आपणहून हिला जाऊन सांगायचो."

"आमच्याकडे सगळे लपवतात," मेट्रनबाई हळूच म्हणाल्या. "पुन्हा काम कराल त्यांच्याबरोबर?"

आचाऱ्यानं आपल्या टेबलांवरच्या डागाळलेल्या टेबलक्लॉथांवर नजर फिरवली. "करीन. आमच्याकडे गिऱ्हाईक टेबलाकडे बघायचं टाळून जेवतं, बाई."

पलीकडून हसू आलं. "बाईंना सांगा, सोमवारी कामावर या म्हणून."

"ऐकलं मी, येते!" डागबाई ओरडलीच. मग आचाऱ्याकडे वळून म्हणाली, "देव तुमचं भलं करो हो."

"ते राहू दे. आधी तो टेबलक्लॉथ सोडा."

तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. फोन चालू असताना ती पदराचं ओलं टोक घेऊन पुढ्यातला डाग घासत बसली होती.

"कशाचा हा?"

"चहाचा."

"कधी सांडला?"

आचाऱ्यानं मान खाली घातली. "परवा."

"आणि आज सांगताय?"