बोंडअळी म्हणतात मला

मित्रांनो, त्या आकाशपाळण्याकडे नंतर बघा. मी एक जुना रोलर कोस्टर आहे, आणि माझी गोष्ट ऐकायला कुणी थांबत नाही ते त्या पाळण्यामुळेच.

पुण्याकडच्या एका मोठ्या पार्कात मी ड्रॅगन होतो. हिरवं अंग, लाल जीभ, नाकातून खराखुरा धूर. माझ्या उतारावर भलेभले साहेब आईला हाका मारायचे आणि उतरून पुन्हा रांगेत उभे राहायचे. मग तिथे माझ्याहून उंच कोस्टर आला. लोक म्हणाले, याच्या चेनला गंज चढला. गंज कसला, जळफळाट होता तो.

मला विकलं. इकडे कपाशीच्या मुलखात, वडनेर भोलजीजवळ हायवेला माणिकराव नावाच्या गृहस्थांनी करमणुकीची बाग काढली होती. तीन ट्रकांतून मी निघालो. वाटेत एका धाब्यावर ड्रायव्हरला ट्रकमध्ये आडवं व्हायचं होतं. त्याने माझं डोकं खाली उतरवलं, झोप काढली आणि डोकं तिथेच विसरून निघाला. ते आज त्या धाब्याच्या छपरावर आहे, तोंडात ट्यूबलाइट घेऊन. धाबेवाला परत द्यायला तयार नाही. लोक त्याच्यासोबत सेल्फी काढतात. स्वतःच्याच डोक्याचा हेवा करायची वेळ कुणावर येऊ नये!

"हे बिनमुंडक्याचं जनावर कायले बसवू मी?" माणिकराव वैतागले.

"टेन्शन नका घेऊ, काका," नागपूरचा पेंटर गणेश म्हणाला. "लेकरांसाठी गोड अळी करून टाकू. गुलाबी अंग, पुढे नवं तपकिरी डोकं."

माणिकरावांचा उभा जन्म भुसावळला रेल्वेच्या नोकरीत गेलेला. कापूस त्यांनी गादीतच पाहिलेला. त्यांची मुलगी महामाया हल्ली माझं बटण सांभाळते, पण तेव्हा ती परीक्षेला अमरावतीला होती. विचारणार कुणाला? मी गुलाबी झालो.

दिवाळीच्या सुट्टीत उद्घाटन झालं. रांगेत सगळ्यांत पुढे पुष्पाबाई आणि त्यांचे यजमान कारभारी. मला बघून बाई दोन पावलं मागेच सरकल्या.

"अवं माय! हे तं बोंडअळी व्हय!"

"कोनती?" कारभारी चष्मा पुसत म्हणाले.

"कोनती काय इचारता? मांगच्या साली आपल्या चार एकरातली बोंडं खाल्ली, तेच! मी नाई बसत इच्यावर."

रांग फुटली आणि थेट पाळण्याकडे गेली. तो पाळणा! मुंगीच्या गतीने गोल फिरतो. ना उतार, ना वळण. पण वर गेलं की लोक ओरडतात, "थे पाह्य, आपलं वावर!" आणि वरूनच घरी फोन लावतात. मी कुणाला शेत दाखवू? माझ्यावर बसून डोळे उघडे ठेवतो कोण?

दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझ्या फाटकाला कामगंध सापळा टांगला, बोंडअळीचे पतंग पकडायला कपाशीत लावतात तो. तिसऱ्या दिवशी एकाने पाठीवरच्या पंपाने माझ्यावर निंबोळी अर्क फवारला. आणि पाळण्याला मात्र झेंडूचा हार!

माणिकरावांनी सांगून टाकलं होतं, "सुट्टी सरेपर्यंत रांग नाई लागली तं भंगारात."

शेवटच्या रविवारी भंगारवाला गॅस कटर घेऊन आला.

"बाबा, रंग तरी बदलू द्या ना," महामाया म्हणाली.

"कवा बदलतं पोरी? सुट्टी आज संपून राह्यली."

कटर पेटला. तेवढ्यात पाळण्याकडे निघालेल्या पुष्पाबाई थबकल्या.

"थांब बे! इले कापतं काय? आन् माह्या बोंडांचा हिशोब कोन घेईन? मले बसू दे आधी इच्या उरावर!"

त्या पहिल्या डब्यात बसल्या आणि उजव्या पायातली चप्पल काढली. महामायाने सेफ्टीचा दांडा लावला. "मावशी, एक हात दांड्यावर ठेवा हं." बटण दाबलं.

चढावर चेन टकटक वाजत होती आणि प्रत्येक टकटकीला एक फटका पडत होता. "हे बोंडाची! हे फवारणीची! हे माह्या कंबरेची!" उताराला चप्पल हातातून सुटली आणि पाळण्यात बसलेल्या एका गृहस्थाच्या भज्यांच्या पुडीत जाऊन पडली.

बाई खाली आल्या. केस सुटलेले, एक पाय अनवाणी, हसू आवरेना.

"अवो, तुमची चप्पल द्या. आनखी एक चक्कर!"

कारभारींनी काढून दिली. मागे बघतो तर रांग! जो तो हातात चप्पल घेऊन. भजीवाले गृहस्थ पुष्पाबाईंची चप्पल घेऊन उतरले आणि ती परत न करता रांगेतच उभे राहिले. भंगारवाल्यानेही कटर विझवला. त्याचीही दोन एकर कपाशी होती.

त्या दिवसापासून पाळणा बऱ्याचदा रिकामा फिरतो. तरी माझी जळजळ गेलेली नाही. काल एका पोराने जाता जाता पाळण्यालाही चप्पल मारली. महामाया त्याला रागावली, तेव्हा कुठे मला बरं वाटलं. मार खायचा मान माझा आहे, त्यात वाटेकरी नको.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो. शिव्या द्या, रंग उडेपर्यंत झोडपा. पण चेनला वेळेवर ग्रीस लावा, ढिले नट आवळा आणि ब्रेकवर मारू नका. एवढं जपलंत, तर मी अजून वीस हंगाम तुमचा मार खाईन.