खालची पट्टी

"हलू नकोस म्हटलं ना!"

"हलले नाही, मस्यू. श्वास घेतला."

"मग तोही नंतर घे."

लेओकादीने लाकडी दांड्यावरची पकड घट्ट केली. मस्यू ऑब्रिएने चित्रशाळेच्या भिंतीला नाचाच्या सरावाचा दांडा ठोकून घेतला होता. तो चित्रकार चांगला, पण तोंडाचा फटकळ. लेओकादी नाट्यगृहातल्या नर्तकींच्या शेवटच्या रांगेत उभी राहून म्हातारी व्हायला आलेली. पेन्शनला दोन हिवाळे उरले होते, आणि तिचा डावा घोटा सुजला होता. मोज्याखाली तो करकचून बांधून ती रोज रंगमंचावर उभी राहत होती. नृत्यगुरू पेलारने याच महिन्यात दोन लंगड्यांना घरी पाठवलं होतं. तोच पेलार आज चित्र बघायला येणार होता. तो तालमीत बसून चित्रं काढू देतो, म्हणून ऑब्रिएला त्याला नाही म्हणता येत नव्हतं.

तरी ती निर्धास्त होती. कागद गुडघ्याशीच संपत होता. ऑब्रिएच्या चित्रांत कुणाचं डोकं कापलेलं, कुणी अर्धी चौकटीबाहेर; लोक हसायचे, पण तिला आज तेच बरं वाटत होतं.

ऑब्रिए चार पावलं मागे गेला, डोळे बारीक करून पाहिलं आणि खळीचं भांडं उचललं. फाटक्या झग्याला ठिगळ लावावं तशी त्याने कागदाला खालून एक पट्टी डकवली.

"हे काय?" तिने मान वळवून विचारलं.

"पाय. खांदा बघ केवढा वर चढलाय. पायांशिवाय तो खोटा वाटतो."

त्याने आधी हिरवा खडू फिरवला. रंगमंचावरचे दिवे खालून पेटतात, तेव्हा कातडी हिरवीच दिसते असं त्याचं म्हणणं. त्यावर गुलाबी. मग कागद किटलीच्या वाफेवर धरून खडूची भुकटी त्यावर बसवली. घोटा फुगलेल्या पावासारखा वर आला.

"मस्यू, तो पाय नको. पेलार येतायत."

"मी दिसतं ते काढतो."

"मग आज जरा कमी बघा ना! तुमचं चित्र होईल, पण मी रस्त्यावर येईन."

जिन्यावर काठीचा आवाज आला. ऑब्रिएने चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एक शिवी हासडली, ओली पट्टी खर्रकन सोलली आणि शेगडीत कोंबली. लेओकादीच्या जिवात जीव आला.

पेलार धापा टाकत आत आला. "ही आमची लेओकादी ना? पाठीवरून ओळखतो मी माझ्या पोरी!" तो हसला. मग चित्राजवळ सरकला. तो स्वतः वीस वर्षं नाचला होता. त्याची काठी चित्रातल्या खांद्यापाशी येऊन थांबली.

"डावा घोटा?"

"थंडीने जरा आखडलाय, मस्यू..."

"माझ्याशी खोटं नको बोलूस गं. पायावरचा अख्खा भार तू खांद्यावर उचलून धरलायस." त्याने टोपी घातली. "सोमवारपासून येऊ नकोस."

हे त्याने मायेनेच सांगितलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

दार लागल्यावर ऑब्रिए पुटपुटला, "मी पट्टी काढली होती गं."

"बघितलं मी."

ती स्टुलावर बसली. बूट काढला, मोजा उतरवला, घोट्याची पट्टी सोडली. रडू आलं होतं, ते तिने तिथेच उरकून घेतलं. मग उठली आणि अनवाणी पायाने पुन्हा दांड्याशी उभी राहिली.

"डकवा दुसरी पट्टी."

"राहू दे. बस तू."

"उजेड चाललाय, मस्यू. काढा. आणि गुलाबी नका लावू, निळा आहे तो."

ऑब्रिएने खडूंचा डबा उघडला. निळा समोरच होता, तरी तो बराच वेळ शोधत राहिला.